मधुमेही मांजर व इन्सुलिनची मात्रा

मांजराला मधुमेह होतो हें ऐकून पुष्कळांना प्रथम हसूं येतें. परंतु ज्या घरांतला आठ-दहा वर्षांचा लठ्ठ बोका एकाएकीं पाण्याच्या भांड्याभोंवतीं घोटाळूं लागतो, वाळूची पेटी पुन्हां पुन्हां ओली करतो, आणि भरपूर खाऊनही ज्याच्या पाठीचा कणा हाताला टोंचूं लागतो, त्या घरांत तें हसूं फार वेळ टिकत नाहीं. खच्ची केलेला, घरांतच वाढलेला, वयस्क बोका या रोगास विशेषेंकरून बळी पडतो. त्याचें स्वादुपिंड पुरेसें इन्सुलिन स्रवत नाहीं, आणि जें स्रवतें त्यास शरीर नीट दाद देत नाहीं. अलीकडे तोंडावाटे देण्याचीं औषधें निघालीं आहेत, पण तीं सगळ्याच मांजरांना चालत नाहींत. बहुतेकांची भिस्त अद्याप सुईवरच आहे. १९२१ सालीं टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं इन्सुलिनचा गुण प्रथम पडताळला तो कुत्र्यांवर. तेव्हां पशूंचा या औषधावर कांहीं हक्क आहे असें म्हणण्यास हरकत नाहीं.

मांजराच्या शरीरांत इन्सुलिन लवकर खर्च होतें. म्हणून तें बारा-बारा तासांनीं, दिवसांतून दोनदां द्यावें लागतें. साधारण आकाराच्या मांजराला आरंभीं दर वेळीं एक युनिटच्या आसपास मात्रा देतात. ४० युनिटी इन्सुलिनच्या हिशेबानें ही मात्रा जेमतेम अर्ध्या थेंबाएवढी भरते. एवढ्याशा औषधानें काय होणार, असें पाहणाराला वाटतें. आणि तेथूनच घोटाळ्यास सुरुवात होते.

समजा, एका बोक्याला सकाळीं आठ वाजतां खाणें देऊन इन्सुलिन टोंचलें. त्या वेळीं दर १०० मिलिलिटर रक्तांत साखर ३६० मिलिग्रॅम होती. रात्रीं आठ वाजतां दुसऱ्या मात्रेपूर्वीं पाहावी तों ३५०! औषधाचा कांहींच गुण नाहीं असें समजून घरधनी एकाचीं दोन युनिटें करतो. परंतु त्याच दिवशीं दर दोन तासांनीं रक्त पाहिलें असतें, तर दहाला २६०, बाराला १५०, दोनला ८५, चारला १४०, सहाला २५० असे आंकडे मिळाले असते. इन्सुलिन आपलें काम चोख करीत होतें. तें फक्त संध्याकाळपर्यंत पुरत नव्हतें. आतां मात्रा दुप्पट केली, तर दुपारचे ते ८५ कोठवर उतरतील? येथें उणीव आहे ती मात्रेची नव्हे, मुदतीची; आणि तिजवर इलाज म्हणजे ग्लार्जीनसारखें अधिक वेळ पुरणारें इन्सुलिन पशुवैद्याच्या सल्ल्यानें घेणें.

मात्रा ठरवावयाची ती सर्वांत खालचा आंकडा पाहून. तो सामान्यतः ८० ते १५० च्या दरम्यान असावा. तो वर राहत असेल तर पशुवैद्य अर्धें, फार तर एक युनिट वाढवितात; ८० च्या खालीं गेला तर मात्रा घटवितात. वाढविल्यावर निदान पांच-सात दिवस थांबावें लागतें, कारण नव्या मात्रेशीं शरीर जुळवून घेण्यास तेवढा अवधि लागतो. रोजच्या आंकड्यामागें धांवून रोज मात्रा बदलणारा मनुष्य स्वतःलाही फसवितो आणि मांजरालाही. दवाखान्यांतला आंकडा तर विशेष फसवा. पिंजरा, कुत्र्याचें भुंकणें, परक्याचा हात, एवढ्यानेंही मांजराची साखर भराभर चढते. म्हणून घरींच कानाच्या कडेला बारीक टोंचून थेंबभर रक्त तपासण्याची रीत पुष्कळ ठिकाणीं रूढ झाली आहे. मांजर तें आश्चर्य वाटण्याइतक्या शांतपणें सोसतें, विशेषतः नंतर कांहीं खाऊ मिळणार असेल तर.

वेळेचें बंधन कडक असलें तरी अमानुष नाहीं. नाटकास जावयाचें म्हणून तासभर मागेंपुढें झालें तर बिघडत नाहीं. एखादी मात्रा अजीबात चुकली, तर पुढची नेहमींच्या वेळीं, नेहमींएवढीच द्यावी. सुई टोंचतांना मांजर उसळलें, केंस ओले लागले, औषध आंत गेलें कीं बाहेर सांडलें हें कळेना, तरी पुन्हां टोंचूं नये. एका वेळची चढलेली साखर मांजर सोसतें. दुहेरी मात्रा त्याला सोसवेलच असें नाहीं. मांजर जेवलें नाहीं किंवा ओकलें, तर नेहमींची मात्रा डोळे मिटून देऊं नये. तशीच ती आपल्या मनानें दिवसेंदिवस बंदही ठेवूं नये, कारण त्यानें रक्तांत आम्ल सांठून प्राणावर बेततें. त्याच दिवशीं पशुवैद्यास विचारावें.

साखर फार उतरली कीं मांजर झोकांड्या खातें, गळून पडतें, कधीं झटके येतात. मेंदूचें पोषण साखरेवर असल्यानें हा प्रकार कांहीं तासांत जीव घेऊं शकतो. मध किंवा साखरेचा घट्ट पाक हिरड्यांना चोळावा आणि तडक दवाखाना गांठावा. बेशुद्ध मांजराच्या घशांत कांहीं ओतूं नये.

हिंदुस्थानांत आणखी एक धोका आहे. येथें मिलिलिटरला ४० युनिटांची व १०० युनिटांची अशा दोन्ही तऱ्हांच्या कुप्या मिळतात, आणि प्रत्येकीची पिचकारी वेगळी. १०० ची कुपी व ४० ची पिचकारी यांची गांठ पडली, तर दोनच्या खुणेपर्यंत भरलेलें औषध प्रत्यक्षांत पांच युनिटें होतें. मांजराला ती चूक फार महाग पडते. कुपीवरचा व पिचकारीवरचा आंकडा दर खरेदीस ताडून पाहावा. दुकानदार तो पाहीलच असें नाहीं.

या रोगांत एक सुखद विशेष असा कीं, लवकर उपचार झाले व खाण्यांतलें पीठ-भात काढून मांसाहार ठेवला, तर कांहीं मांजरांचें स्वादुपिंड पुन्हां सांवरतें आणि इन्सुलिनची गरज उतरत जाऊन सुटते. ही सुधारणा मांजर बोलून दाखवीत नाहीं. ती दिसते ती खालचा आंकडा आठवड्यागणिक आणखी खालीं येतांना, आणि नेमक्या त्याच वेळीं कालची योग्य मात्रा आज जड होऊं लागते. इन्सुलिन सुटलेल्या मांजराचाही रोग पुष्कळदां परततो. म्हणून पाण्याचें भांडें मोजून भरावें, व दर आठवड्यास वजन पाहून भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर टिपून ठेवावें.