लघवीची पिशवी जांभळी झाली तर

रात्री साडेनऊच्या सुमारास मोबाइलवर एक फोटो आला. पलंगाच्या कडेला लटकवलेली युरोबॅग, आणि तिचा रंग पिकलेल्या जांभळासारखा. खाली सूनबाईंनी लिहिलं होतं, "डॉक्टर, आईंच्या किडन्या गेल्या का?"

आमच्या बुरोंडीतल्याच आजी. वय ७८. आठ महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला, तेव्हापासून अंथरुणावर, आणि लघवीसाठी कायमची नळी, म्हणजे कॅथेटर. मुलगा मासेमारीच्या होडीवर, त्यामुळे घरचं सगळं सुनेवर. सकाळी गेलो तर आजी शुद्धीवर होत्या, ताप नव्हता, मला बघून हसल्या. मग हळूहळू बाकीचं कळलं. पिशवीचा रंग पाच दिवसांपासून बदलत होता. शेजारी कोणी म्हणालं, किडनी खराब झाली की असं होतं. म्हणून घरच्यांनी मासे आणि डाळ बंद केली, पाणी मोजून द्यायला सुरुवात केली, आणि आजी नुसत्या पेजेवर आल्या. आजींना आठ दिवस शौचाला झालं नव्हतं, हे मात्र मी विचारेपर्यंत कोणी सांगितलं नाही. खरी गोष्ट तीच होती.

तुमच्या घरी अशी पिशवी दिसली तर सर्वात आधी हे लक्षात घ्या: हा जांभळा रंग रक्ताचा नाही, विषाचा नाही, आणि फक्त रंगावरून किडनी निकामी झाली असं म्हणता येत नाही. रंग स्वतः अपाय करत नाही. रुग्णाला शौचाला होत नसावं आणि नळीत जंतूंनी बस्तान बसवलं असावं, एवढं तो सांगतो. १९७८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अशा जांभळ्या पिशव्यांचं वर्णन आलं, आणि तेव्हापासून डॉक्टर या प्रकाराला 'पर्पल युरीन बॅग सिंड्रोम' म्हणतात.

हा रंग येतो कुठून?

तुम्ही डाळ, मासे, अंडी, दूध काहीही खाल्लंत की त्यातल्या प्रथिनांबरोबर ट्रिप्टोफॅन नावाचा घटक पोटात जातो. तो शरीराला हवाच असतो, आणि त्यातला बराचसा लहान आतड्यात शोषला जातो. उरलेला मोठ्या आतड्यात पोहोचतो. तिथले जंतू त्याचं इंडोल बनवतात. हे इंडोल रक्तातून यकृताकडे जातं. यकृत त्याचं आधी इंडोक्सिल करतं, मग त्याला सल्फेट जोडून पाण्यात सहज विरघळेल असं इंडोक्सिल सल्फेट बनवतं, आणि किडनी ते लघवीतून बाहेर टाकते. यालाच जुन्या पुस्तकांत लघवीतलं इंडिकॅन म्हणतात. हे तुमच्या-माझ्या लघवीतही रोज थोडं असतं. त्याला स्वतःचा रंग नसतो, त्यामुळे आपल्याला ते कधी कळत नाही.

शौचाला होत नसलं की मळ आतड्यात जास्त काळ पडून राहतो, जंतूंना जास्त वेळ मिळतो, आणि इंडोल जास्त तयार होतं. हा झाला अर्धा भाग.

उरलेला अर्धा भाग पिशवीत घडतो. नळी बरेच दिवस राहिली की लघवीत जंतू होतातच. त्यातले काही, उदाहरणार्थ प्रोटियस, प्रॉव्हिडेन्शिया, क्लेबसिएला, जोडलेलं सल्फेट पुन्हा तोडतात आणि इंडोक्सिल मोकळं करतात. मोकळ्या इंडोक्सिलला हवा लागली की त्याचे दोन रंग होतात: निळा इंडिगो आणि लाल इंडिरुबिन. निळा आणि लाल मिळून जांभळा. यातले काही जंतू लघवी अल्कलाइन करतात, आणि अशा लघवीत हे जास्त घडतं. रंग प्लास्टिकच्या पिशवीत आणि नळीत मुरतो. म्हणून अनेकदा पिशवी गडद दिसते आणि नळीतून नुकतीच येणारी लघवी नेहमीसारखी पिवळी असते. आमच्याजवळच्या लाडघरला तामसतीर्थावर पाणी तांबूस दिसतं आणि ओंजळीत घेतलं की स्वच्छ असतं, तसंच काहीसं. पिशवी बघून घाबरण्याआधी नळीतली ताजी लघवी बघा.

इंडिगो हा शब्द ओळखीचा वाटला असेल. बरोबर, जीन्सला असते तीच ही नीळ. निळीच्या झाडाच्या पानांत इंडोक्सिल साखरेला जोडलेलं असतं. पानं टाकीत भिजवली की ते सुटं होतं, आणि पाणी घुसळून हवा मिसळली की निळा गाळ खाली बसतो. नाव त्याचंही इंडिकॅनच, पण लघवीतलं इंडिकॅन वेगळं: झाडात साखर जोडलेली, आपल्यात सल्फेट. शेवटची पायरी मात्र एकच. ज्या बायका मेंदीनंतर केसांना इंडिगो पावडर लावतात त्यांनी हे पाहिलेलं असतं. लावल्यावर लगेच रंग पुरता चढत नाही, हवेत हळूहळू गडद होतो. या निळीसाठी बिहारमध्ये चंपारणच्या शेतकऱ्यांवर जी सक्ती झाली ती आपण १९१७ च्या सत्याग्रहाच्या धड्यात वाचली आहे. त्याच्या वीस वर्षं आधी, १८९७ साली, जर्मनीत कारखान्यात बनवलेली नीळ बाजारात आली होती. ती प्रयोगशाळेत प्रथम बनवणाऱ्या अडॉल्फ फॉन बायर यांना १९०५ चं नोबेल मिळालं. इंडोल, इंडोक्सिल, इंडिकॅन ही सगळी नावं त्या निळीवरून, आणि निळीचं नाव आपल्या देशावरून. असो.

घरी काय करायचं

पहिलं काम पोटाचं. शेवटचं शौच कधी झालं, हे तारखेसह लिहून ठेवा. अंथरुणावरच्या माणसाच्या बाबतीत हे कोणाच्याच लक्षात राहत नाही, कारण डायपर बदलणारी माणसं बदलत असतात. तीन दिवस झालं नसेल तर मला किंवा तुमच्या डॉक्टरांना सांगा. लॅक्टुलोजसारखं पातळ औषध बहुतेकांना चालतं. मळ अगदी खाली अडकला असेल तर एनिमा द्यावा लागतो, किंवा नर्सला हातमोजा घालून तो काढावा लागतो. इसबगोल मात्र स्वतःहून देऊ नका. त्याला भरपूर पाणी लागतं. जो माणूस दिवसाला दोन-तीन पेलेच पाणी पितो त्याच्या पोटात त्याचा गोळा होऊ शकतो.

यात एक फसवी गोष्ट आहे. कधी कधी आत कडक मळ अडकलेला असतो आणि त्याच्या बाजूने पातळ पाणी डायपरमध्ये येतं. घरचे समजतात जुलाब झाले, आणि जुलाब थांबवायची गोळी देतात. आठवडाभर काही झालं नव्हतं आणि अचानक थोडं थोडं पातळ यायला लागलं, तर गोळी देण्याआधी फोन करा.

दुसरं, नळी आणि पिशवी बदलून घेणं. लॅटेक्सची साधी नळी साधारण २ ते ४ आठवडे ठेवतात, सिलिकॉनची जास्तीत जास्त १२ आठवडे. तुमच्याकडे कोणती आहे आणि कधी घातली, हे पिशवीवर पेनाने लिहा. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकता. रुग्णाला कुशीवर वळवताना पिशवी उचलून पोटावर ठेवतात, तेव्हा साचलेली लघवी उलटी आत जाते. ही सवय आधी मोडा. आणि नळी काढून टाकता येईल का, हे दर वेळी डॉक्टरांना विचारत राहा. आठ महिन्यांपूर्वी घातली म्हणून आजही लागतेच असं नाही.

तिसरं, खाणं. प्रथिनांपासून हा रंग बनतो हे वाचून कोणी मासे, डाळ, अंडं बंद करू नका. अंथरुणावरच्या माणसाला प्रथिनं कमी पडली की स्नायू जातात आणि पाठीला, कुल्ल्यांना जखमा व्हायला लागतात. ती जखम जांभळ्या पिशवीपेक्षा कितीतरी वाईट. आमच्या आजींच्या माकडहाडावर पाच दिवसांत लाल चट्टा दिसायला लागला होता. मी त्यांना मऊ शिजवलेला मासा, कुळथाची पिठी आणि थोडं थोडं पण दिवसभर पाणी चालू करायला सांगितलं. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल, पाण्यावर मर्यादा असेल, तर प्रमाण तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. गिळताना ठसका लागत असेल तर तेही आधी सांगा.

अँटिबायोटिक द्यायचं का?

फक्त रंग बदलला, बाकी रुग्ण ठीक, तर बहुतेक वेळा नाही. बऱ्याच दिवसांची नळी असलेल्या माणसाच्या लघवीत जंतू सापडणारच. ते आहेत म्हणून औषध दिलं तर साधे जंतू मरतात आणि हट्टी उरतात. मग खरंच ताप आला की गोळ्या लागू पडत नाहीत, इंजेक्शनवर जावं लागतं. दुकानातून आणलेला उरलासुरला कोर्स तर अजिबात देऊ नका.

पण पुढची लक्षणं दिसली तर सकाळची वाट बघू नका: ताप किंवा हुडहुडी, ओटीपोटात दुखणं, नेहमी बोलणारं माणूस अचानक गुंगीत जाणं किंवा भलतंच बोलणं, लघवी येणं थांबणं किंवा नळीच्या बाजूने गळणं, लघवीत लाल रक्त किंवा गुठळ्या. वयस्कर माणसाला संसर्ग झाला तरी ताप येतोच असं नाही, त्यामुळे "आज वेगळ्या वाटतायत" हे घरच्यांचं म्हणणं मी तापाइतकंच गंभीरपणे घेतो. मधुमेह असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर जास्त जपा. इथून दापोलीला जायला रात्री गाडी मिळायला वेळ लागतो, तेव्हा फोन आधी करा.

आणि रंग बदलण्याची बाकीची कारणंही असतात. टीबीचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर लघवी केशरी होते, बीट खाल्लं तर लालसर, बी-कॉम्प्लेक्सने गडद पिवळी. पिशवी जांभळी असेल तर चालू औषधांची यादी तेवढी दाखवा.

तपासणीत हेच रसायन

लघवीची साधी तपासणी करताना लॅबमध्ये जी रंगीत चौकोनांची पट्टी बुडवतात, तिच्यातला पांढऱ्या पेशी दाखवणारा चौकोन अनेक कंपन्यांच्या पट्ट्यांत इंडोक्सिलवरच चालतो. पेशींतलं एन्झाइम चौकोनातल्या पदार्थातून इंडोक्सिल सोडवतं, आणि ते दुसऱ्या रसायनाशी मिळून जांभळा रंग देतं. कल्चरमध्ये जंतू ओळखतानाही इंडोलची चाचणी असते: ई. कोलाय असेल तर नळीत गुलाबी-लाल कडं दिसतं, नेहमीच्या क्लेबसिएलाला दिसत नाही. कल्चर सांगितलंच असेल तर नमुना पिशवीतून देऊ नका. नवी नळी घालून तिच्यातून घेतलेलाच द्या, नाहीतर पिशवीत वाढलेले जंतू रिपोर्टमध्ये येतात आणि त्यांच्यावर औषध सुरू होतं.

पूर्वी लघवीत ॲसिड, फेरिक क्लोराइड आणि क्लोरोफॉर्म घालून इंडिकॅन तपासत. निळा रंग जितका गडद, तितकं इंडिकॅन जास्त. आता तीच तपासणी "आतड्यातली विषं शोधा" अशा नावाने पॅकेजमध्ये विकली जाते. रिपोर्टवर प्लस-प्लस आलं म्हणून काही मंडळी माझ्याकडे येतात. बद्धकोष्ठ असलेल्या माणसाचं इंडिकॅन वाढणार, त्यासाठी पैसे मोजायला नकोत. पोट साफ होतंय की नाही हे त्या माणसाला विचारलं तरी कळतं.

किडनीच्या रुग्णांचं थोडं वेगळं आहे. किडनी काम कमी करते तेव्हा इंडोक्सिल सल्फेट रक्तात साठतं. ते अल्ब्युमिनला चिकटून राहत असल्यामुळे डायलिसिसमध्येही पुरतं निघत नाही. रक्तवाहिन्यांना आणि उरलेल्या किडनीला त्याने इजा होते का, यावर बरंच संशोधन चालू आहे. तुमच्या उपचारासाठी मात्र ते मोजावं लागत नाही, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन बघून निर्णय होतात. बद्धकोष्ठ होऊ न देणं हे इथेही उपयोगाचं आहे. प्रथिनं किती खायची हे मात्र टप्प्यावर ठरतं: डायलिसिस सुरू होण्याआधी बहुधा मोजून, सुरू झाल्यावर आधीपेक्षा जास्त. शेजारच्या डायलिसिसवाल्या काकांचा तक्ता तुमच्या वडिलांना लावू नका.

आजींना त्या दिवशी एनिमा दिला, नळी आणि पिशवी बदलली, गोळी एकही नाही. तिसऱ्या दिवशी सूनबाईंनी पुन्हा फोटो पाठवला. पिशवी पिवळी होती. खाली लिहिलं होतं, "आज बांगडा मागून खाल्ला." काटे नीट काढले ना, एवढंच मी विचारलं.