फळीवरची मोजणी

उन्हं कलली आहेत, तरी फळीवरची जमीन अजून चटके देते. गावाच्या कडेचं हे मोकळं रान एरवी गुरांचं. मे महिन्यात मात्र इथे तेंदूपानं येतात. कोरची तालुका, गडचिरोलीचा उत्तरेकडचा शेवटचा तुकडा. समोरच्या टेकड्या ओलांडल्या की छत्तीसगड. पायवाटेनं बाया येताहेत, डोक्यावर चादरीत बांधलेली गाठोडी. मागून सायकली, सायकलींच्या दोन्ही बाजूंना लोंबणारी पोती. पहाटे अंधारातच ही माणसं जंगलात शिरली होती. दुपारी घरी येऊन, सावलीत बसून, पोराबाळांसकट सगळ्यांनी पुडे बांधले. एका पुड्यात ७० पानं. असे १००० पुडे झाले की एक प्रमाण गोणी.

प्रत्येक घर आपापल्या ओळी मांडतं. शंभर पुड्यांचा एक शेकडा, आणि शेकड्यांच्या हिरव्या पट्ट्या बघता बघता सगळं रान भरून टाकतात. पानांचा वास उग्र आहे, तुरट, घशात उतरणारा. व्यापाऱ्याचा मुन्शी हातात काडी घेऊन ओळींमधून चालतो आणि मोठ्यानं मोजतो. त्याच्या बरोबरीनं, पाऊल न चुकवता, ग्रामसभेची एक मुलगी चालते आहे. बाविशीची असेल. कॉलेज अर्ध्यावर सुटलंय, असं ती मघाशी सांगत होती. तिच्या हातात जाड पुठ्ठ्याची वही आहे, मुन्शीच्या हातात त्याची. एकाच मालाच्या दोन नोंदी होतात, आणि जुळल्या नाहीत तर ओळ तिथल्या तिथे पुन्हा मोजली जाते.

एका म्हाताऱ्या आत्यांच्या ओळीपाशी मुन्शी थांबतो. एक पुडा उचलतो, सालीचा दोरा सोडतो आणि पानं अंगठ्यानं सरकवत मोजू लागतो. पानं चांगली आहेत, पूर्ण वाढलेली, मऊ, देठ देठाला लावून जुळवलेली. त्रेसष्ट भरतात.

"पूरा लाईन कच्चा है," तो म्हणतो. वहीत काहीतरी खोडायला जातो.

"नाही जी," मुलगी म्हणते. आवाज चढत नाही. "एका पुड्यावरून अख्खी ओळ कापता येत नाही. करारात लिवलं आहे. अजून दोन उघडा."

दोन उघडतात. एकात सत्तर, दुसऱ्यात एकाहत्तर. मुन्शी काही न बोलता पुढे सरकतो. आत्या उकिडव्या बसतात, कनवटीला खोचलेली सुटी पानं काढतात, सात मोजून पुड्यात घालतात आणि दोरा दातात धरून पुन्हा आवळतात.

"पयले शंबराले पाच पुडे उपरून घेत," त्या मला सांगतात. "काहून म्हनलं तं म्हने, सुकल्यावर खराब निघते. आमाले मोजता येत नव्हतं का? येत होतं. पन बोलाचं कोनी?"

हे 'पयले' म्हणजे फार जुनं नाही. १९६९ च्या वनउपज व्यापाराच्या कायद्यानं तेंदूपान सरकारच्या एकाधिकारात गेलं. जंगलाचे घटक पाडायचे, त्यांचा लिलाव सरकारनं करायचा, ठेकेदारानं माणसं आणायची. पानं तोडणाऱ्याच्या वाट्याला फक्त मजुरी. पुढे अनुसूचित क्षेत्रांसाठीचा १९९६ चा पेसा कायदा आला, २००६ चा वनहक्क कायदा आला, आणि गौण वनउपजाची मालकी ग्रामसभेची आहे हे कागदावर आलं. कागदावरून जमिनीवर यायला आणखी वर्षं गेली. याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाला सामूहिक वनहक्क मिळाल्यावरही बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी झगडावं लागलं. २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री गावात आले, तेव्हा कुठे परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. २०१२ च्या सुधारित नियमांनी तो परवाना द्यायचा अधिकार ग्रामसभेकडे स्पष्टपणे आला, आणि त्यानंतर गडचिरोलीतल्या ग्रामसभा तेंदू स्वतः विकू लागल्या. निविदा काढणं, व्यापाऱ्यांशी भाव करणं, करार लिहिणं, मजुरी वाटणं, सगळं आलं अंगावर. कोरचीतल्या ग्रामसभांनी तर एकत्र येऊन महाग्रामसभा उभी केली. तिच्यात प्रत्येक गावातून दोन बाया आणि दोन पुरुष जातात. ही वहीवाली मुलगी त्यांतलीच एक.

वनहक्काचा दावा मंजूर झाला की पेपरात फोटो येतो, नकाशा येतो, हेक्टर येतात. मला वाटतं, हक्क खरा कळतो तो इथे, या दुसऱ्या वहीत. जंगल कोणाचं याचं उत्तर सातव्या पानापाशी मिळतं, आणि ते रोज संध्याकाळी नव्यानं मिळवावं लागतं.

अंधार पडतो. मोजणी संपल्यावर माणसं घरी जाऊन पेज पिऊन येतात आणि बांबूच्या मांडवाखाली जमतात. एक सौर दिवा मधोमध टांगला आहे. मुलगी आधी डोकी मोजते. गावातले निम्मे मतदार हवेत, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया हव्यात. त्याशिवाय वनहक्काचा ठराव चालत नाही. बायांचा प्रश्नच नाही, त्या निम्म्याहून जास्त आहेत आणि पुढे बसल्या आहेत. बोलणं गोंडीत चालतं, मध्येच छत्तीसगडी, आणि माझ्याकडे बघून मराठी.

पहिला विषय अडचणीचा. करारानुसार व्यापाऱ्याचा दुसरा हप्ता आजपर्यंत ग्रामसभेच्या खात्यात यायला हवा होता. आलेला नाही. त्याच्या माणसाचा निरोप आहे की उद्या गाडी येते, माल भरू द्या, पैसे आठवड्यात टाकतो.

एक काका उभे राहतात. आभाळाकडे बोट दाखवून म्हणतात, ढग आलेत. वाळलेलं पान भिजलं तर काळं पडेल आणि मग तोच व्यापारी भाव पाडेल. जाऊ द्यावा माल. त्यांचं म्हणणं खोटं नाही. अवकाळीचा एक तडाखा पुरतो, आणि पंधरा दिवसांचे कष्ट त्या ओळींमध्ये उघड्यावर पडले आहेत.

"अन् त्या साली?" पुढच्या रांगेतली एक बाई बसल्या जागेवरूनच विचारते.

'त्या साली' म्हटल्याबरोबर कुजबुज होते. २०१७ ला तेंदूला न भूतो असा भाव आला होता. त्याच जुलैत पानावर १८ टक्के जीएसटी लागला, आणि पुढच्या हंगामात भाव कोसळले. माल गेला आणि पैसे अडकले, असं त्या वेळी काही ग्रामसभांचं झालं. या गावाचंही झालं. बाई सगळं मांडते: किती फेऱ्या मारल्या, कोणाच्या दारात बसलो, फोन कसा बंद लागायचा. ती रागानं बोलत नाही, हिशोब सांगितल्यासारखं सांगते. काका खाली बसतात.

मागून एक तरुण बोलतो. घरात बहिणीचं लग्न तोंडावर आहे. मजुरीचे पैसे थांबले तर त्यानं काय करायचं? तुम्ही थांबा म्हणता, पण मंडपवाला थांबत नाही.

यावर लगेच कोणाला उत्तर सुचत नाही. हात वर करून मोजायची पद्धत इथे नाही. एकाचाही विरोध असेल तर बोलत राहायचं, नाहीतर विषय पुढच्या सभेवर ढकलायचा. बाहेरून बघणाऱ्याला हे दिरंगाईचं वाटेल. मला नाही वाटत. मतदान झालं असतं तर हा पोरगा हरला असता आणि उद्या त्यानंच रात्री गाडी भरू दिली असती. बोलता बोलता मार्ग निघतो, तोही तुकड्यातुकड्यांनी, वेगवेगळ्या तोंडांतून. वाळलेला माल सकाळीच गोण्यांत भरायचा आणि गावातल्या गोदामात ठेवायचा. जे पान ओलं आहे त्याच्यासाठी ताडपत्र्या आणायच्या, त्याचा खर्च ग्रामसभेचा. परवान्याचं पुस्तक मुलीकडेच राहील आणि खात्यात रक्कम दिसल्याशिवाय एकाही पानावर सही होणार नाही. लग्नघराला गेल्या वर्षीच्या शिलकीतून मजुरीची उचल द्यायची, हप्ता आला की वळती करायची. अजून दोन घरं हात वर करतात, त्यांनाही द्यायची.

"चालते का?" मुलगी त्या तरुणाला थेट विचारते.

"चालते," तो म्हणतो. ती ठराव लिहिते, मोठ्यानं वाचते. आत्या मध्येच अडवतात: ताडपत्र्यांचा आकडा ऐकू आला नाही. ती पुन्हा वाचते. मग वही फिरते. सह्या, अंगठे, शाईचं पॅड बायांच्या रांगेतून हळूहळू पुढे सरकतं.

दुसरा विषय वणव्याचा. ठेकेदारीच्या काळात तेंदूला नवी पालवी लवकर फुटावी म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाशी जंगलाला आग लावायची चाल होती. आगीत मोहाची, चाराची रोपं जळत, पाखरांची घरटी जात, मातीचा कस जाई. ग्रामसभेनं ती बंद केली. आता झुडपं कोयत्यानं छाटतात, त्याचीही मजुरी मिळते, आणि होळीपासून पाळीनं राखण असते. तरी यंदा नाल्याच्या बाजूला एक पट्टा जळला. मोहाखाली पालापाचोळा साफ करताना लावलेली आग पसरली. कोणी लावली हे सगळ्यांना ठाऊक आहे, कारण विझवायला त्यानंच गावात धावत येऊन हाका मारल्या होत्या. दंड पूर्ण घ्यावा की त्यानं स्वतः येऊन सांगितलं म्हणून कमी करावा, हा प्रश्न आहे. दोन्ही बाजूंनी बोलणारे आहेत. एक म्हातारा म्हणतो, कमी केला तर पुढच्या वर्षी सगळेच धावत येऊन सांगतील. त्याच्याच शेजारची बाई म्हणते, तेच तर पाहिजे.

ज्याच्यावर दंड बसायचा तो माणूस खांबाला टेकून तिथेच बसलेला आहे. त्याची राखणीची पाळी उद्याची आहे. तो हात वर करतो आणि म्हणतो, दंड किती ते तुमी ठरवा, पन जळल्या जागेत पावसाळ्यात मोहाची रोपं मी लावतो, हे पन लिवा.

मुलगी लिहायला घेते. "किती रोपं?" ती विचारते.