दामदुपटीचा नियम

गटाच्या बैठकीत आपण व्याजाचा हिशेब करतोच. आज जुन्या काळातला एक नियम समजून घेऊ.

हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे सावकाराला एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज मागता येत नसे. म्हणजे कर्ज 100 रुपये आणि थकलेले व्याज 150, तरी कोर्टातून मिळणार 200च. ही दामदुपट.

1855 साली इंग्रज सरकारने व्याजावरची कायद्याची मर्यादा काढली. मग दामदुपटही गेली का? व्यापारी, सावकारांचे वाद कोर्टात गेले. मुंबई हायकोर्टाने नियम कायम ठेवला. कर्ज घेणारा हिंदू असला की तो लागू; सावकार कोणत्याही धर्माचा असो.

पण पळवाट होती. आधी भरलेले व्याज यात धरत नसत. शिवाय थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा केला, की तेच नवे मुद्दल! 1875 साली पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या, रोखे जाळले, त्यामागे अशा वाढत्या कर्जाचाच राग होता.

तेव्हा बायांनो, जुने कर्ज नवे करताना सही-अंगठ्याआधी विचारा: यात मुद्दल किती, व्याज किती? आणि भरलेल्या पैशाची पावती घ्याच.