मुंबईच्या चाळींचें दप्तर

जुन्या कागदांचा संग्रह करणारांची दृष्टि बहुधा सनदा, महजर व करीने यांजकडे लागलेली असते, आणि तें योग्यच आहे. परंतु ज्यांस कोणी सनद दिली नाहीं, त्यांचे कागद कोठें शोधावे? एकोणिसाव्या शतकांत मुंबईच्या चाळींत राहिलेला परगांवचा गिरणी-कामकरी हा अशांपैकीं एक होय.

इ. स. १८५६ त ताडदेव येथें कावसजी नानाभाई दावर यांची सुताची गिरणी चालू झाली. पुढें गिरण्या वाढल्या, तसतशी कोंकणांतून व देशावरून माणसें आलीं. रत्नागिरीकडील डोंगराळ जमिनीच्या पिकावर वर्षाचें पोट भरत नसे, आणि गलबताचा मार्ग तर समोरच होता. शहराची वस्ती १८७२ च्या शिरगणतींत ६,४४,४०५ होती, ती १८९१ त ८,२१,७६४ झाली.

चाळीची खोली एकाच्या नांवें असे. आंत मात्र एका गांवचे अनेक जण भाडें वांटून राहात व पाळीपाळीनें निजत. जेवण खानावळवाल्या बाईकडे, काम मुकादमाच्या मर्जीवर. पगार मागाहून हातीं येई, म्हणून तोंवर वाण्याची उधारी व सावकाराचें व्याज चालूच. १८८४ त नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें कामकऱ्यांनीं ज्या मागण्या केल्या, त्यांत आठवड्याची सुटी होती. तशीच, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावा, हीहि होती. दारिद्र्याचें मूळ केवळ अल्प वेतनांत नसून विलंबित वेतनांतहि होतें, हें या एका मागणीवरून दिसतें.

मग या लोकांचे कागद चाळींत कां सांपडत नाहींत? सप्टेंबर १८९६ त मांडवी भागांत प्लेग उघडकीस आला. १८९७ च्या कायद्यान्वयें घरांची झडती होऊं लागली आणि रोग्याच्या खोलींतील चीजवस्तु जाळल्या जाऊं लागल्या. १८९८ त स्थापन झालेल्या सुधारणा ट्रस्टानें दाट वस्तीचे भाग पाडून रस्ते काढले. हजारों लोक गांवीं पळाले. १९०१ त वस्ती ७,७६,००६ इतकी उतरली. खोलीबरोबर खोलींतला कागदहि गेला.

तथापि एक गोष्ट आमच्या उपयोगीं पडते. हा मनुष्य मुंबईंत वस्तीस नव्हता, मुक्कामास होता. बायकामुलें बहुधा गांवीं असत. म्हणून पैसा जसा तिकडे गेला, तसा कागदहि तिकडेच गेला. प्रथम ओळखीच्या माणसाच्या हातीं, व १८८० पासून टपालाच्या मनिऑर्डरीनें. चाळीचें दप्तर चाळींत नव्हे, तर कोंकणांतल्या माजघरांत शोधलें पाहिजे.

आमची विनंती एवढीच कीं, गांवोगांव हिंडतांना पोथ्यांच्या बासनाखालीं पडलेलीं मोडी पत्रें, कर्जरोखे, भाड्याच्या पावत्या व मनिऑर्डरीचे तुकडे 'किरकोळ' म्हणून बाजूस टाकूं नयेत. कागद ज्या क्रमानें बांधलेले असतील तो क्रम मोडूं नये. गांव, वाडी व घर टिपून ठेवावें. आणि घरच्यांच्या संमतीनें नक्कल करून मूळ त्यांच्याच हवालीं करावें. चाळी पाडल्या जात आहेत, मोडी वाचणारे थोडे उरले आहेत, आणि कोंकणांतला पाऊस कोणासाठींहि थांबत नाहीं.