संवेग जागविणारी गीते आणि पालि परंपरा

बुद्धगीते व भीमगीते यांना धम्माचरणात स्थान आहे काय, हा प्रश्न विहारांतून पुनःपुन्हा विचारला जातो. बोईसरलगतच्या बेटेगावसारख्या गावाचे उदाहरण घ्या. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील पाळी संपवून आलेला कामगार जयंतीच्या रात्री गायन पार्टीसमोर बसतो. वंदना त्याने सकाळीच म्हटलेली असते. तरीही त्याच्या अंगावर शहारा येतो तो रात्रीच्या गीताने. यावर काही उपासक आक्षेप घेतात, की नच्च-गीत-वादितापासून विरती हे तर शीलच आहे. मग विहाराच्या अंगणात ढोलकी कशाला?

आक्षेपाचे उत्तर अवघड नाही. ही विरती पंचशीलात नाही. ती उपोसथाच्या दिवशी ग्रहण करावयाच्या अष्टशीलात आहे आणि श्रामणेरांच्या दहा शीलांत आहे. गृहस्थाने एरवी गाऊ नये असा त्याचा अर्थ होत नाही. उपोसथ पाळणाऱ्याने त्या दिवशी जरूर मौन राखावे. त्याचे शील इतरांवर लादण्याचे कारण नाही. परंतु एवढ्याने प्रश्न संपत नाही. गीताने अंतःकरण हलते, हे खरे. त्या हलण्याला धम्मदृष्ट्या काही मोल आहे काय?

पालि साहित्यात यासाठी दोन शब्द आहेत : संवेग आणि पसाद. संवेग म्हणजे वस्तुस्थितीच्या दर्शनाने चित्ताला बसलेला हादरा. आपण आजवर कशात गुंतून पडलो होतो हे एकाएकी कळून उडालेली झोप. पसाद म्हणजे गाळ खाली बसल्यावर पाणी निवळावे तशी मनाची श्रद्धायुक्त प्रसन्नता. महापरिनिब्बान सुत्तात तथागतांच्या जीवनातील चार स्थाने संवेजनीय म्हटली आहेत आणि तेथे जाणाऱ्याचे चित्त प्रसन्न असावे असेही सांगितले आहे. महावंसाच्या प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी हा ग्रंथ सज्जनांच्या प्रसादासाठी व संवेगासाठी रचला असल्याचे नमूद केलेले आढळते. दोन्हींची जोडी महत्त्वाची आहे. नुसता संवेग माणसाला सैरभैर करतो, तर नुसता प्रसाद त्याला सुखावून निजवतो.

आता गीताविषयी प्रत्यक्ष बुद्धवचन पाहू. अंगुत्तर निकायातील पंचक निपातात आणि विनयाच्या चुल्लवग्गात, लांबविलेल्या गीतस्वरात धम्म म्हणण्याचे पाच दोष सांगितले आहेत. म्हणणारा स्वतःच त्या स्वरावर आसक्त होतो. ऐकणारे आसक्त होतात. गृहस्थ टीका करतात, की हे श्रमण तर आमच्यासारखेच गातात. स्वराच्या कलाकुसरीत रमणाऱ्याची समाधी भंगते. आणि पुढील पिढी तेच वळण गिरवते. हे पाचही दोष भिक्खूंना उद्देशून आहेत. त्यांत गीताचा तिरस्कार नाही. स्वर अर्थाला गिळून टाकील, ही भीती आहे. म्हणूनच त्याच प्रकरणात पुढे, भिक्खू स्वराने म्हणावयास कचरू लागले तेव्हा भगवंतांनी सरभञ्ञाची, म्हणजे सस्वर पठणाची, अनुमती दिली. अवंतीहून आलेल्या सोण कुटिकण्णाने अट्ठकवग्ग सस्वर म्हटला तेव्हा भगवंतांनी त्याच्या पठणाची प्रशंसाच केली.

दीघ निकायातील सक्कपञ्ह सुत्तात तर वीणाच आहे. इंदसाल गुहेबाहेर पंचसिख गंधर्व गातो आणि त्याच्या गीतात बुद्ध, धम्म व अरहंतांच्या उल्लेखांबरोबर आपल्या प्रेयसीविषयीची ओढही आहे. भगवान त्याला बाहेर काढत नाहीत. ते त्याचे वादन वाखाणतात आणि नेमके एका गुणासाठी : त्याच्या तारांचा स्वर गीताच्या स्वरावर चढत नाही आणि गीताचा स्वर तारांवर चढत नाही. आजच्या मिरवणुकीतील डीजेच्या भिंतींपुढे उभे राहून हा उतारा वाचावा. जेथे छाती दणाणते पण शब्द कानी पडत नाही, तेथे पंचसिखाची प्रशंसा करणाऱ्या शास्त्याने काय म्हटले असते हे सांगण्यास भाष्यकाराची गरज नाही.

तथापि या विषयावरचा सर्वांत मोलाचा पुरावा मूळ सुत्तात नाही. तो सुत्तनिपातातील सुभासित सुत्ताच्या अट्ठकथेत आहे आणि आपल्याकडे त्याची चर्चा फारच थोडी झाली आहे. सुभाषित कशास म्हणावे, याचा विचार करताना अट्ठकथाकार म्हणतो, की वाणी म्लेंच्छ भाषेतली असो वा पाणी भरणाऱ्या दासीच्या गाण्यातली असो, ती कल्याणकारक अर्थाची असेल तर सुभाषितच होय. आणि लगेच तो उदाहरणे देतो. सिंहलद्वीपात साठ विपश्यी भिक्खू वाटेने जात असता शेत राखणारी एक मुलगी गात होती. ती सिंहली भाषेतच गात होती आणि गाणे जन्म, जरा, मरण यांचे होते. ते ऐकून साठहीजण अरहंत झाले. तिस्स नावाचा भिक्खू कमळांच्या तळ्यापाशी कमळे खुडणाऱ्या दासीचे गाणे ऐकून मुक्त झाला. तिसरी कथा दोन बुद्धांच्या मधल्या काळातली आहे. मुसळाने तांदूळ कांडणाऱ्या एका स्त्रीचे गाणे, रानातून सात मुलांसह परतणाऱ्या एका पुरुषाच्या कानी पडले आणि मुलांसह त्याला प्रत्येकबोधी लाभली.

या तिन्ही कथांतील गाणाऱ्या कोण आहेत? राखणदार मुलगी, दासी, कांडण करणारी बाई. ऐकणारे कोण? साधनेत मुरलेले भिक्खू. ज्या समाजव्यवस्थेने शूद्राच्या कानी वेद पडू नये म्हणून शिक्षा सांगितल्या, तिच्या शेजारी हा उतारा ठेवून पाहावा. येथे ज्ञान वरून खाली येत नाही. शेताच्या बांधावरून ते संघाकडे जाते, आणि तेही लोकांच्या बोलीतून. कथा ऐतिहासिक आहेत की नाहीत हा वाद येथे गौण आहे. परंपरेने कोणता निकष स्वीकारला, हे त्यांतून निःसंदिग्ध कळते. थेरीगाथेत उखळ, मुसळ आणि कुबड्या नवरा या तिन्हींतून सुटल्याचा आनंद सांगणारी मुत्ता थेरी याच वर्गातल्या स्त्रियांचे दुःख जाणते.

महाराष्ट्रात ही परंपरा पुस्तकातून आली नाही, हे विशेष. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे. मुंबईत मजुरी करीत असताना प्रौढ वयात त्यांनी अक्षरओळख करून घेतली आणि पुढे महाराष्ट्रभर फिरून बाबासाहेबांचा विचार गाण्यातून पोहोचविला. त्यांच्या आधी भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी तमाशाचा ठसकेबाज साचा घेऊन त्यातला आशय पालटून टाकला होता. सभेला न येणारा माणूस जलशाला येई. बाबासाहेब स्वतः उत्तरवयात व्हायोलिन शिकत होते, हेही या संदर्भात आठवते.

परंतु अट्ठकथेतील कांडणाऱ्या बाईची खरी वारसदार मला जात्यावर दिसते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्याखेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या, बुद्धावरच्या, धम्मदीक्षेवरच्या ओव्या आहेत; बीड जिल्ह्यातील माजलगाव येथे १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्या त्यांपैकीच. या गाणाऱ्या बहुतांशी निरक्षर होत्या. पहाटे दळताना आपल्या दास्याची आणि भीमरायाने ते मोडल्याची जी जाणीव त्यांनी स्वरात ओवली, तिला संवेग व प्रसाद यांखेरीज दुसरी नावे मला सुचत नाहीत.

बेटेगावचा परिसर या दृष्टीने उपेक्षणीय नाही. येथून दक्षिणेस याच जिल्ह्यात सोपारे आहे. अट्ठकथांतील सुप्पारक बंदर ते हेच. पुण्ण थेर ज्या सूनापरान्तात धम्म घेऊन गेले, त्या प्रदेशाशी त्याचे नाव जोडलेले आहे. सोपाऱ्याला १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला; नववा १९५६ साली मिळाला. दोन्ही लोकांना कळणाऱ्या प्राकृतात आहेत. आणि सभोवारच्या वारली पाड्यांवर आजही लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे गाणारी स्त्री. लोकबोली आणि स्त्रीकंठ यांना येथे पूर्वापार मान आहे.

तेव्हा विहाराच्या कार्यकर्त्यांनी गीत बंद करण्याचा आग्रह सोडावा आणि निवड करण्याचे कष्ट घ्यावेत. सिनेमाच्या चालीला माझा विरोध नाही. चाल उसनी असली तरी शब्द आपला असू शकतो. मात्र ज्या गीतात बाबासाहेबांचे नाव केवळ यमकापुरते येते आणि उरलेले सारे गर्जनेत जाते, ते वंदनेनंतर लावू नये. वस्तीतल्या ज्या वयस्क उपासिकांना जुन्या ओव्या पाठ आहेत, त्यांना वर्षावासातील एखाद्या पौर्णिमेला ध्वनिक्षेपकाशिवाय गाऊ द्यावे, आणि गावातील शिकलेल्या मुलांनी त्या गाणारीच्या नावासह लिहून घ्याव्यात. सिंहलद्वीपातील त्या शेतराखणीचे नाव अट्ठकथेने दिलेले नाही.