तज्ज्ञाच्या खात्याचे पान

१३ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने कच्च्या सोयाबीन, सूर्यफूल व पामतेलावरील मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेले. नवे सोयाबीन तोंडावर आले असताना वाशिम, कारंजा, रिसोडच्या अडतीवर याहून मोठी बातमी कोणती? हीच बातमी ‘शेतकऱ्यांना दिलासा’ या मथळ्याने देता येते, आणि ‘फोडणी महागली’ या मथळ्यानेही. दोन्ही खरे. वाहिनीचा कल कळतो तो कोणते सत्य आधी सांगितले, कोणते गाळले आणि माइक कोणापुढे धरला यावरून. त्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. राज्यातील बाजारांत दर बहुतांशी त्याखालीच राहिले. ‘शुल्क वाढले, आता भाव वाढणार’ एवढ्यावर ज्याने माल धरून ठेवला, त्याचे गणित बातमी खरी असूनही चुकले.

बँकेत कर्जाचा अर्ज आला की अर्जदाराच्या गोड बोलण्याआधी त्याची जुनी देणी आणि जामीनदार पाहतात. दूरचित्रवाणीवरील तज्ज्ञाला ही कसोटी क्वचितच लावली जाते. (टाय आणि खाली धावणारी लाल-हिरवी पट्टी यांचा दराराच तसा!) जानेवारी २०२१ मध्ये ‘सेबी’ने एका हिंदी अर्थवाहिनीच्या निवेदकाविरुद्ध अंतरिम आदेश काढला. कार्यक्रमात सुचवायचे शेअर त्याच्या पत्नीच्या व आईच्या खात्यांत आदल्या दिवशी घेतले जात आणि प्रेक्षकांच्या खरेदीने भाव चढताच विकले जात, असा ठपका होता, २.९५ कोटी रुपये गोठविण्यात आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये दुसऱ्या एका वाहिनीवरील पाहुण्या तज्ज्ञांसह १५ जणांविरुद्ध तसाच अंतरिम आदेश निघाला. तेथे रक्कम होती ७.४१ कोटी. सल्ला कोणता द्यायचा हे प्रक्षेपणाआधीच काहींना कळविले जाई, असा आरोप होता. म्हणजे नफा सल्ल्याच्या अचूकपणातून नव्हे, ऐकणाऱ्याच्या विश्वासातून निघत होता.

शेअरबाबत बोलणाऱ्या नोंदणीकृत विश्लेषकाला आपले हितसंबंध जाहीर करावे लागतात. धान्याच्या चर्चेत तेवढेही घडताना दिसत नाही. तेलगिरणीच्या माणसाला भाव उतरलेला हवा असतो, साठेदाराला चढलेला; पडद्यावर मात्र दोघेही केवळ ‘बाजार अभ्यासक’ असतात. त्यातच २० डिसेंबर २०२१ रोजी ‘सेबी’ने सोयाबीनचे वायदे थांबविले. पुढच्या महिन्यांचा जो भाव सर्वांना उघड दिसत असे तो दिसेनासा झाला, आणि त्या रिकाम्या जागेत अशा चर्चेचे वजन वाढले.

पेढीवरच्या तरुणांनी निदान एक हंगाम एवढे करून पाहावे. शुल्काची बातमी आली की मूळ अधिसूचना वाचावी, बाजार समितीची त्या दिवशीची आवक आणि सर्वसाधारण दर पाहावा, प्लांटला फोन करून खरेदीचा भाव विचारावा. आणि जुन्या वहीच्या मागच्या पानावर तज्ज्ञाचे नाव, तारीख, त्याचा अंदाज व त्याचा धंदा लिहून ठेवावा. दिवाळीला लिहिलेले ते पान होळीला उघडावे.