ड्रोन उडवण्याआधी नकाशा पाहा

हौसेखातर ड्रोन उडवणाऱ्याला भारतात बहुतेक वेळा परवाना लागत नाही, हे सांगितलं तर अनेकांना खरं वाटत नाही. पण 25 ऑगस्ट 2021 ला केंद्र सरकारने लागू केलेल्या ड्रोन नियमांत ते स्पष्ट लिहिलं आहे. 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’, त्यापुढे 2 किलोपर्यंतचा ‘मायक्रो’. नॅनो उडवायला प्रमाणपत्र नको. उड्डाण धंद्यासाठी नसेल, तर मायक्रोलाही नको. मामेभावाच्या लग्नात हौसेनं वरात टिपलीत तर सूट आहे. त्याच मायक्रो ड्रोनने लग्नांच्या ऑर्डरी घेऊ लागलात की सूट संपली. मग नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची (डीजीसीए) मान्यता असलेल्या संस्थेत प्रशिक्षण घेऊन रिमोट पायलट सर्टिफिकेट मिळवावं लागतं. वय 18 ते 65 आणि किमान दहावी पास, एवढी पात्रता पुरते. प्रमाणपत्र 10 वर्षं चालतं.

वजन मोजताना ड्रोनवर लादलेलं सगळं धरतात. जेमतेम 250 ग्रॅमच्या आतल्या यंत्राला मोठी बॅटरी बसवली, तर ते मायक्रोत जातं.

चालकाला प्रमाणपत्रातून सूट मिळाली म्हणून मायक्रो ड्रोनची नोंदणी टळत नाही. ती डीजीसीएच्या ‘ईजीसीए’ या ऑनलाइन मंचावर करून त्या ड्रोनचा स्वतंत्र क्रमांक, म्हणजे यूआयएन, घ्यायचा असतो. हा क्रमांक यंत्र, त्यातलं उड्डाण-नियंत्रक मोड्यूल आणि हातातला रिमोट या तिन्हींच्या अनुक्रमांकांशी जोडलेला असतो. शिवाय फेब्रुवारी 2022 पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे; संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांनाच अपवाद. त्यामुळे नातेवाइकाला परदेशातून येताना ड्रोन आणायला सांगू नका.

हौशी माणूस अडकतो तो मात्र बहुधा जागेपाशी. ‘डिजिटल स्काय’ या सरकारी मंचावर 24 सप्टेंबर 2021 पासून देशाच्या आकाशाचा नकाशा खुला आहे. हिरव्या क्षेत्रात 400 फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. विमानतळाच्या कुंपणापासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ही मुभा 200 फुटांवर येते, 5 ते 8 किलोमीटरमध्ये जमिनीपासूनच पिवळं क्षेत्र लागतं आणि हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी. त्याहून जवळ साधारणपणे लाल. तिथे केंद्र सरकारच्या संमतीशिवाय उडवायचं नाही. म्हणजे पुण्यात विमाननगरच्या किंवा मुंबईत विलेपार्ल्याच्या गच्चीवरून, ड्रोन कितीही छोटा असला, तरी नाहीच. नियम मोडल्यास दंड 1 लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो.

नकाशाचे रंगही कायमचे नसतात. मोठी सभा, महत्त्वाच्या व्यक्तीचा दौरा असं निमित्त असलं की राज्य सरकार किंवा पोलीस 96 तासांपर्यंत तात्पुरतं लाल क्षेत्र जाहीर करू शकतात. म्हणून गेल्या रविवारी पाहिलेल्या नकाशावर विसंबू नका. किल्ल्यांचं आणखी वेगळं. रायगड, शिवनेरी केंद्राच्या संरक्षित स्मारकांत मोडतात. तिथे आकाश हिरवं दिसलं, तरी पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्यावी लागते.

मुंबई पोलीस सुरक्षेच्या कारणावरून ड्रोन, पॅराग्लायडर वगैरेंवर वेळोवेळी बंदीचे आदेश काढतात. मुदत संपली की बऱ्याचदा नवा आदेश येतो. त्यांमागची काळजी खरी आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण नियम पाळू इच्छिणाऱ्या कॉलेजातल्या मुलानं नोंदणी एकीकडे, नकाशा दुसरीकडे आणि पोलिसांचा आदेश वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात शोधत बसावं, हे योग्य नाही. पोलिसांचा प्रत्येक आदेश, त्याची हद्द आणि मुदत त्या सरकारी नकाशावर दिसलीच पाहिजे. ते होईपर्यंत उडवायच्या दिवशी सकाळी नकाशा उघडा, आणि शंका असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात विचारूनच ड्रोन बाहेर काढा.